गाडीची वाट

पांगरी मागं पडली की बार्शी-येडशी रस्ता बालाघाटात शिरतो आणि चढायला लागतो. सह्याद्रीतली माणसं याला घाट म्हणणार नाहीत, पण ज्यांचे पाय सोलापूरच्या सपाटीवर तयार झालेत त्यांना विचारा. मी सगळ्यात हलक्या गिअरवर होते. माझा धाकटा भाऊ सिद्राम वळणापलीकडं दिसेनासा झाला होता आणि उसाचा एक ट्रॅक्टर मागं गुरगुरत होता, कारण मला ओलांडून जायचं म्हटलं तर त्यालाही चढच होता. कठड्यावर एक आजोबा बसले होते. पांढरा पटका, मांडीवर काठी, शेळ्या खाली बोरीच्या झुडपांत. मी येताना त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं असणार, कारण जवळ पोचेपर्यंत त्यांचं मत पक्कं झालं होतं. ‘‘बाई, रस्त्यानं कशाला आलाव? गाडीच्या वाटेनं यायचं की. तिकडनं चढ कळतच न्हाई.’’ मी थांबले. थांबायला निमित्त हवंच होतं. कुठली गाडी, असं विचारलं तर ‘‘बार्शी लाइट’’ हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की सकाळची गाडी आत्ताच येडशीकडं गेली असावी. बार्शीच्या त्या लहान रेल्वे लाइनवरून शेवटची गाडी जाऊन किती वर्षं झाली! काठीनं खालच्या झाडीकडं दाखवून ते शेळ्यांमागं उतरून गेले, आणि ट्रॅक्टरचा धूर खात मी उरलेला घाट चढले.

ते ‘कळतच न्हाई’ डोक्यातून जाईना.

सोलापूरची आम्ही सायकलवाली मंडळी इतिहासाकडं जातो म्हणजे किल्ल्याकडं जातो. हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग, जरा जास्त हुरूप असेल तर परांडा, आणि नुसताच घाम काढायचा असेल तर तुळजापूर. नळदुर्गला पोचल्यावर पाणी महालाच्या बांधावर सायकली ओळीनं उभ्या करून फोटो काढायचे, भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे उघडायचे, आणि कुणीतरी दर वेळी तीच माहिती सांगायची : १६१३ साल, दुसरा इब्राहिम आदिलशहा, बोरी नदीला बांध आणि बांधाच्या पोटात महाल. माहिती खरी आहे आणि महालही जबरदस्त आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की आतल्या खिडकीपुढून पाणी कोसळतं आणि आपण आत कोरडे उभे असतो. ते पाहून चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांपुढं हात जोडावेसे वाटतात. पण तिथपर्यंत जे पंचेचाळीसेक किलोमीटर आम्ही पायांनी मोजत आलेलो असतो, त्या रस्त्याबद्दल आमच्यात बोलणं होतं ते खड्ड्यांपुरतं. हा रस्ता इथूनच का गेला, तिकडून का नाही, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

चढाबद्दल घरात पहिल्यांदा ऐकलं ते अण्णांकडून. अण्णा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. काळी हर्क्युलस, कॅरियरला ट्यूब कापून केलेला रबरी पट्टा आणि त्या पट्ट्याखाली डबा. भोंगा झाला की मिलच्या फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा आणि सगळा रस्ता घंट्यांनी भरून जायचा. भय्या चौकातल्या रेल्वे पुलाचा चढ आला की जवान पोरं उभं राहून पेडल मारायची, अण्णा मात्र न चुकता खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. मला लाज वाटायची. मी पुढच्या दांडीवर बसलेली असायचे ना, मलाही उतरावं लागायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘आठ तास सांच्यावर उभा राहिलोय. आता पुलाशी कुस्ती कशाला?’’ जोर दाखवून चढायचं की चढालाच बगल द्यायची, यात अण्णांनी बाजू निवडलेली होती. मला ती समजायला स्वतःचे गुडघे दुखायला लागावे लागले.

कारण सायकल ही मोठी प्रामाणिक वस्तू आहे. मोटारीत बसलेल्याला सोलापूर ते तुळजापूर हा सरळ चौपदरी रस्ता वाटतो. सायकलवर बसलेल्याला तामलवाडीच्या पुढं जमीन हळूच वर उचलली जाते ते आधी मांड्यांना कळतं आणि मग डोळ्यांना. दख्खनचा काळा खडक थरांवर थर साचून झाला आणि बालाघाट ही त्या थरांची झिजलेली कड. सोलापूरहून वर जाताना दोनेकशे मीटरची ही एकच पायरी चढायची असते, पण ती कुठून चढायची यावर सगळा दिवस ठरतो. शंभर मीटर पुढं जाताना पाच मीटर वर नेणारा रस्ता असला की बोलणं बंद होतं. शंभराला एक मीटर चढ असेल तर गप्पा मारत जाता येतं, चढतोय हे शेजारच्या ओढ्याकडं बघून कळतं. आणि रेल्वेला नेमका हाच शंभराला एक लागतो. लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर धरून राहायचं तर ओझं घेऊन खडा चढ चढवतच नाही, चाक जागच्या जागी फिरायला लागतं. खंडाळ्याचा बोरघाट सदतिसाला एक आहे, तर तिथं आजही गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावतात. म्हणजे डोंगर समोर आला की रेल्वेचा इंजिनिअर आमच्या अण्णांसारखाच विचार करत असणार.

बार्शी लाइटच्या इंजिनिअरचं नाव एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हा गृहस्थ जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला म्हणून हिंदुस्थानात आला, आणि बार्शीसारखी भरलेली कापसाची पेठ मुख्य लाइनपासून दूर पडलेली बघून त्याच्या डोक्यात ही लहान गाडी शिरली. अडीच फुटांची गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की रूळ हलके चालतात, रूळ हलके तर पूल हलके, पूल हलके तर खर्च हलका. गेज अरुंद म्हणून वळणं घट्ट घेता येतात आणि डोंगर फोडत बसण्यापेक्षा त्याच्या अंगाअंगानं जाता येतं. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये बालाघाट चढून लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. त्याच १९२७ मध्ये कॅल्थ्रॉप वारला. मधल्या काळात त्यानं विमानातून उडी मारायची छत्री केली, तिला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं, अरबी घोडे पाळले. उंचावरून खाली यायचं आणि खालून वर जायचं, दोन्ही अंग न मोडता कसं साधेल, याचा ध्यास घेतलेला माणूस दिसतोय.

आम्हाला लहानपणी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आत्याचं गाव ढोकीजवळ. सोलापूरहून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथं सामान डोक्यावर घेऊन पळत लहान गाडी गाठायची. बाकड्यावर समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण, मग आई पदराचं टोक ओलं करून तो काढायची आणि तोवर सिद्राम माझी खिडकी बळकवायचा. पांगरी गेली की गाडीचा आवाज बदलायचा. घाटात माणसं चालत्या गाडीतून उतरून सीताफळं तोडायची आणि परत मागच्या डब्यात चढायची, असं अण्णा शपथेवर सांगायचे. ही गोष्ट नॅरोगेजच्या प्रत्येक गाडीबद्दल सांगतात. मी कुणालाही उतरताना बघितलेलं नाही, आणि अण्णांनी तरी बघितलं असेल का, याची मला शंका आहे. मला आठवतो तो वास : धूर, तेल, कुणाच्या तरी फडक्यातला कांदा, आणि पाऊस पडून गेलेला असेल तर रामलिंगच्या झाडीतून येणारा ओल्या पाचोळ्याचा वास, जो सोलापुरात कुठंच येत नाही.

पुढं लाइन ब्रॉडगेज झाली. ते व्हायलाच हवं होतं. लातूरच्या माणसाला रात्री बसून सकाळी मुंबईत उतरता येतं ते त्यामुळं. नव्या लाइनीनं धाराशिव शहर जोडायला वळसा घेतला आणि येडशी-पांगरीमधला जुना घाट वाटेतून सुटला. म्हणजे आजोबांनी दाखवलेली वाट ती. कोणतंही संकट आलं नाही, काही कोसळलं नाही, फक्त गाडी दुसरीकडून जायला लागली.

यात भर घातली माझ्या भाच्यानं. तो मँचेस्टरला असतो आणि तिथून जवळच्या पीक डिस्ट्रिक्टच्या टेकड्यांत सायकल घेऊन हिंडतो. मागं एकदा त्यानं फोटो पाठवले : हिरव्या दरीतून जाणारी अरुंद वाट, एक लहान बोगदा, वर कड्यात तोंड वासलेली थॉर्स केव्ह नावाची गुहा, आणि मॅनिफोल्ड नावाची नदी, जी कोरड्या दिवसांत जमिनीखाली गडप होते आणि बऱ्याच खाली पुन्हा वर येते. (आमची सीना गडप होते तेवढी, वर यायचं विसरते.) ‘‘मावशी, तेरा किलोमीटर आहे पण दम लागत नाही, सगळा रस्ता जुन्या रेल्वेचा,’’ असं त्यानं लिहिलं होतं. नाव वाचलं आणि मी सरळ फोनच लावला. लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे. १९०४ मध्ये सुरू झाली, गेज अडीच फूट, इंजिनिअर तोच, आपला कॅल्थ्रॉप. बार्शीला जे साधलं ते त्यानं मायदेशी जाऊन परत केलं. दोनच इंजिनं, त्यातल्या एकाला त्याचंच नाव, आणि इंजिनांची घडण हिंदुस्थानी वळणाची, पुढं थेट इकडच्यासारखा मोठा दिवा. दुधाची वाहतूक आणि सुट्टीतले प्रवासी, एवढ्यावर ती चालली आणि १९३४ मध्ये बंद पडली. रूळ काढल्यावर कौन्सिलनं १९३७ मध्ये त्याच जागेवर चालायची वाट केली. भाचा बिचारा गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘‘म्हणजे मी इतका वेळ बार्शीच्या गाडीवरून चाललो होतो म्हण की.’’

धाकटी बहीण तीस वर्षं धावून बंद पडली आणि तिची वाट झाली. थोरलीनं शतकभर कापूस, ज्वारी, तूरडाळ, विद्यार्थी, वऱ्हाडं आणि आषाढीचे वारकरी ओढले, आणि तिच्या घाटाला आता फक्त शेळ्या ओळखतात. मी हे हळहळून लिहिते आहे असं वाटेल, पण माझ्या मनात राग-बिग नाही. नसावाच. आपल्याकडं रिकामी जमीन रिकामी राहत नाही, ती कुणाच्या तरी पोटाला लागते.

ते त्याच दिवशी डोळ्यांनी बघितलं. रामलिंगला दर्शन घेऊन, जटायूच्या समाधीशी जरा टेकून, माकडांपासून डबे वाचवत आम्ही जेवलो आणि सिद्राम म्हणाला, ‘‘अक्का, म्हातारा म्हणाला तिकडनं उतरू की.’’ झाडीत शिरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. धावडा, सालई, पळस, गुडघाभर कुसळी गवत. मग पायाखाली आवाज बदलतो. गवताखाली खडी आहे, एकसारख्या आकाराची, हातोड्यानं फोडलेली, नदीची नव्हे. मग लक्षात येतं की डावीकडं जमीन एका रेषेत खाली गेलीय आणि उजवीकडं खडक एका रेषेत वर. निसर्ग इतकी सरळ रेषा मारत नाही. सायकल सोडून दिली तर ती आपली आपण, घाई न करता, चालू पडते. ब्रेक लावावा लागत नाही आणि पेडलही मारावं लागत नाही. एका ओढ्यावर मोरी लागली. घडीव काळ्या दगडाची, कमान जेमतेम माझ्या खांद्याएवढी, वरचा भाग अरुंद. खाली वाकून बघितलं तर प्रत्येक दगडाच्या तोंडावर छिन्नीच्या तिरक्या रेघा अजून मोजता येतील अशा होत्या, आणि एका सांध्यात पिंपळाचं बोटभर रोप. रोपाची मुळं दगडांत शिरली की ही कमान जाईल. ती उपटायला मी हात घातला, पण ते दगडातून सुटेना. पानं तेवढी हातात आली.

पुढं वाट संपली. म्हणजे वाट होती, पण तिच्यावर कुणी तूर पेरली होती. भराव नांगरून रानात मिळवलेला, कडेला काट्यांची वई. सिद्रामच्या टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला तो तिथंच. शेतातल्या ताईंनी मोटार चालू करून घमेल्यात पाणी दिलं. ट्यूब बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघायला त्यांची दोन पोरं घमेल्यावर ओणवी झाली आणि मोठ्यानं ‘‘इथं, इथं!’’ करून सापडलेल्या भोकावर बोट दाबून बसली, ती सोडेनाच. त्यांना म्हटलं, इथून पूर्वी गाडी जायची. ताई म्हणाल्या, ‘‘सासरे सांगायचे. पाऊस किती बी होऊ द्या, ह्या पट्ट्यात पाणी थांबत न्हाई, म्हणून तूर चांगली येते.’’ पाणी वाहून जावं म्हणून इंजिनिअरनं काळजीनं घातलेला भराव आज तुरीच्या मुळांना कोरडं ठेवतोय. इथं आता सायकलची वाट करा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

तरी म्हणावंसं वाटतं. कारण वाटांची आपल्याला सवय नाही असं नाही. कोजागरीच्या आसपास तुळजापूरचा रस्ता बघा. गाड्या बंद, आणि सगळं सोलापूर पायी निघालेलं. म्हातारी माणसं, नवी लग्न झालेली जोडपी, अनवाणी पोरं, कुंकवाचे मळवट, ठिकठिकाणी चहा आणि केळी वाटणारे, ‘आई राजा उदो उदो’. एरवी ज्या रस्त्यावर सायकल कडेला घेतली तरी ट्रकचा वारा अंगावर येतो, तोच रस्ता त्या रात्री माणसांचा होतो. आणि मागं जायचंच तर येडशीपासून तेर काही फार दूर नाही. गोरोबाकाकांचं तेर, त्याआधीचं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथलं कापड गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदरापर्यंत जायचं, असं ग्रीक खलाशाच्या टिपणात आहे, आणि वाट धड नाही अशी तक्रारही त्यात आहे. तो गाडीवान बालाघाट कुठून उतरला असेल? बैल जिथून न अडखळता उतरले तिथूनच. माझी खात्री आहे, कॅल्थ्रॉपच्या माणसांनी मोजणीच्या साखळ्या घेऊन जो चढ शोधला, तो बैलांना आणि शेळ्यांना आधीच ठाऊक असणार. पुरावा विचारू नका, पायांची साक्ष आहे.

सिद्रामला हे सगळं पटलं, एवढंच नव्हे तर बार्शीत भगवंताच्या देवळापुढं चहा पिता पिता त्यानं वाट बांधूनही टाकली. जिथं रान आहे तिथं रस्त्यावरून वळसा, जिथं झाडी आहे तिथं जुनी वाट मोकळी, मोऱ्या दुरुस्त, पांगरीला भाड्यानं सायकली, येडशीला भाकरी-पिठल्याचं हॉटेल. आणि डांबर. डांबर म्हटल्याबरोबर माझं डोकं फिरलं. डांबर केलं की महिन्यात मोटारसायकली येतील. तिकडं इंग्लंडात त्या वाटेचा एक तुकडा मोटारींना मोकळा आहेच, भाच्याला बोगद्यात एका व्हॅनसाठी भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं होतं. मुरूम घाला, दाबा, बास. ‘‘मुरमात पावसाळ्यात चाक रुततं अक्का.’’ पावसाळ्यात चालत जावं. ‘‘मग सायकलची वाट कशाला म्हणायची?’’ वैरागपर्यंत आम्ही मुरूम आणि डांबर यावर भांडत आलो. तोवर उन्हं कलली होती, नान्नजच्या माळाकडून समोरचा वारा सुटला, आणि त्या सपाट रस्त्यावर दोघांचंही तोंड आपोआप बंद झालं.